देवाच्या दारातले परके आणि घरचे

"तुम्हां ख्रिस्ती लोकांना देव आपल्याला आत घेणारच अशी पक्की खात्री कशी काय असते? हा थोडा अहंकार नाही का?" हा प्रश्न या देशात आल्यापासून निदान पाच-सहा मराठी मित्रांनी मला विचारला आहे. कुणी गणेशोत्सवाच्या पंगतीत, कुणी पिकनिकला, कुणी विमानतळावर सोडायला जाताना गाडीत. विचारणारी मंडळी समंजस होती, प्रश्नात खोच नव्हती. पण अशा ठिकाणी दोन वाक्यांत उत्तर द्यावे लागते आणि दोन वाक्यांत दिलेले उत्तर मला स्वतःलाच पटत नाही. संपादकांनी पुरवणीत ऐसपैस जागा देऊ केली आहे, तेव्हा जरा विस्ताराने लिहितो.

माझी ओळख एवढीच की मी अहमदनगरचा (आता अहिल्यानगर म्हणायचे). आमचे घराणे चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. शिक्षण इंजिनिअरिंगचे, त्यातच पुढे इथे डॉक्टरेट, आणि पोटापाण्याला सॉफ्टवेअर. धर्मशास्त्राची कोणतीही पदवी माझ्याकडे नाही. आजीच्या मांडीवर बसून ऐकलेली टिळकांची पदे आणि नंतर हौसेने केलेले वाचन, एवढ्याच भांडवलावर हे लिहितो आहे.

सुरुवात यरुशलेमच्या मंदिराच्या नकाशापासून करावी लागेल. इंजिनिअर असल्यामुळे नकाशा हातात आला की मला बरे वाटते. येशूच्या काळचे मंदिर म्हणजे हेरोद राजाने वाढवून बांधलेले भव्य संकुल. त्याची रचना एकात एक डबे ठेवावेत तशी होती. सर्वांत बाहेरचे अंगण कुणासाठीही खुले. त्याच्या आत एक कठडा. कठड्यापलीकडे फक्त यहुदी. पुढे स्त्रियांचे अंगण, त्यापुढे यहुदी स्त्रियांनी जायचे नाही. त्यापुढे पुरुषांचे अंगण, मग याजकांचे. मग प्रत्यक्ष मंदिर, तिथे फक्त याजक. आणि सर्वांत आत, जाड पडद्यामागे, परमपवित्रस्थान. तिथे फक्त मुख्य याजक, आणि तोही वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, साधी तागाची पांढरी वस्त्रे घालून आणि बळीचे रक्त घेऊन.

मुख्य याजकाच्या पायाला म्हणे दोर बांधलेला असे, आत मेला तर ओढून काढता यावा म्हणून. ही गोष्ट मी लहानपणापासून प्रवचनांत ऐकत आलो. गोष्ट रंगतदार आहे, पण तिला प्राचीन आधार नाही. जोसिफस या यहुदी इतिहासकाराकडे ती नाही, मिश्नामध्येही नाही. ती मध्ययुगातली भर आहे. मात्र पडद्याआड काय होते, याबद्दलची एक खरी गोष्ट दोरापेक्षा विलक्षण आहे. तिथे काहीही नव्हते. कराराचा कोश बाबिलोनी आक्रमणानंतर राहिला नव्हता. इ.स.पूर्व ६३ मध्ये पाँपे हा रोमन सेनापती बळजबरीने आत शिरला तेव्हा त्याला मूर्ती नाही, चित्र नाही, नुसती रिकामी खोली दिसली. ज्या जागेपासून अख्खे राष्ट्र अंतर राखून होते ती जागा डोळ्यांना रिकामी होती.

त्या बाहेरच्या कठड्यावर ग्रीक आणि लॅटिन भाषांत दगडी पाट्या लावलेल्या होत्या. त्यांतली ग्रीक मजकुराची एक अख्खी पाटी १८७१ मध्ये क्लेरमाँ-गानो या फ्रेंच संशोधकाला सापडली. ती आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. दुसरीचा तुकडा १९३०च्या दशकात मिळाला, तो यरुशलेममध्ये आहे. मजकुराचा आशय असा की परक्याने या कठड्याच्या आत येऊ नये, आणि पकडला गेलाच तर पुढे येणाऱ्या मरणाला तो स्वतः जबाबदार राहील. "प्रवेश निषिद्ध"च्या पाट्या आपण पुष्कळ पाहतो, पण इतकी सरळ बोलणारी पाटी क्वचितच.

यावरून यहुदी धर्म म्हणजे नुसती अडवणूक, असा निष्कर्ष कुणी काढू नये. काही ख्रिस्ती उपदेशक तो काढतात आणि मला ते खटकते. बापाने लेकरावर माया करावी तशी देव माणसावर माया करतो, हे त्यांच्याच स्तोत्रांत आहे. उधळ्या पुत्राची गोष्ट सांगणारा यहुदी होता आणि ऐकणारेही यहुदीच होते. पडद्यामागचा विचार असा की पवित्र ही वस्तू हाताळायला सोपी नाही. विजेच्या उपकेंद्राला कुंपण घालतात ते गावकऱ्यांचा अपमान करायला नव्हे. पण कुंपण ते कुंपणच. आपण कुठवर जाऊ शकतो हे जन्म, लिंग आणि घराणे यांवर ठरत होते. मराठी वाचकाला हे फोडून सांगायला नको. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारापाशी आहे, आणि ते मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले.

आता नव्या करारातली घटना. येशूने वधस्तंभावर प्राण सोडला त्या क्षणी मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला असे मार्क लिहितो. वरपासून, म्हणजे माणसाच्या हाताने नव्हे. मार्क एवढे एकच वाक्य लिहून पुढे जातो. त्याचा अर्थ उलगडतो तो 'इब्री लोकांस पत्र' या लेखनात. ते कुणी लिहिले याबद्दल प्राचीन काळापासून वाद आहे, पण कुणाला लिहिले याचा अंदाज पत्रातूनच येतो. ही माणसे श्रद्धेपायी अपमान सोसलेली होती, त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, काहींनी एकत्र जमणेही सोडले होते. म्हणजे दिवाणखान्यात बसून केलेली तत्त्वचर्चा ही नव्हे. थकलेल्या, घाबरलेल्या लोकांना लेखक सांगतो की येशूच्या देहातून एक नवी वाट उघडली आहे, तेव्हा पडद्याच्या आत चला, आणि चाचपडत नव्हे, धैर्याने चला.

या 'धैर्या'साठी वापरलेला मूळ ग्रीक शब्द आहे 'पारेसिया'. हा शब्द मला फार आवडतो आणि त्याच्यावर थोडे थांबायचे आहे. तो मुळात देवळातला शब्दच नाही. अथेन्सच्या सभेत नागरिकाने उभे राहून मनातले मोकळेपणाने बोलायचे, या हक्काला पारेसिया म्हणत. गुलामाला तो नव्हता, स्त्रियांना नव्हता, आणि दुसऱ्या नगरातून येऊन राहिलेल्या माणसालाही नव्हता, मग तो कितीही वर्षे तिथे राहो आणि कितीही कर भरो. युरिपिडीस या नाटककाराच्या एका नाटकात आई परागंदा मुलाला विचारते की परदेशी राहण्यात सर्वांत वाईट काय? तो गरिबी म्हणत नाही, घरची आठवण म्हणत नाही. तिथे पारेसिया नसते, म्हणतो. मनातले बोलता येत नाही, वरच्यांचा मूर्खपणा मुकाट सोसावा लागतो.

वाचकहो, हे आपल्यापैकी कुणाला समजणार नाही? व्हिसावर असताना मीटिंगमध्ये साहेबाचे चुकते आहे हे दिसत असूनही जीभ कशी टाळूला चिकटते, ते आपण सर्वांनी अनुभवले आहे. नोकरी गेली तर साठ दिवस, हे गणित डोक्यात सतत चालू असते. पत्राच्या लेखकाने नेमका हाच शब्द उचलला आणि देवासमोर उभे राहणाऱ्या माणसाला लावला. एकदा नव्हे, त्या छोट्याशा पत्रात चार वेळा. तुम्ही इथे पाहुणे नाही, परवान्यावर आलेले नाही, तुम्हाला इथे बोलण्याचा हक्क आहे, असा त्याचा अर्थ. तक्रारसुद्धा करा.

पौलाच्या पत्रांत याचा जोडशब्द येतो, 'प्रोसागोगे'. राजाच्या दरबारात कुणीतरी हात धरून आत नेऊन सादर करणे, अशी त्याची छटा. आपण होऊन घुसणे नाही; आतला कुणी बाहेर येतो आणि "हे माझ्याबरोबर आहेत" म्हणून घेऊन जातो. पौलाला त्या दगडी पाटीचा अर्थ अंगावर कळला होता. इफिसच्या एका परधर्मीय माणसाला त्याने कठड्याच्या आत नेले असा आरोप होऊन जमाव त्याच्यावर धावून गेला, रोमन शिपायांनी सोडवले म्हणून वाचला, आणि त्यातून पुढची कित्येक वर्षे तो बंदिवासात राहिला. त्याच इफिसकरांच्या नावे असलेल्या पत्रात मधली आडभिंत येशूने पाडली असे वाक्य येते, तेव्हा ते वाचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोणती भिंत उभी राहिली असेल, याबद्दल मला शंका वाटत नाही. (हे पत्र पौलाचे की त्याच्या शिष्याचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. इथे त्याने फरक पडत नाही.)

अहंकाराच्या प्रश्नाकडे आता वळता येईल. ही खात्री पाहुण्याच्या योग्यतेबद्दल नाही, यजमानाच्या स्वभावाबद्दल आहे. माझ्या धंद्यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: तुम्ही कोण आहात हे ओळखणे, आणि तुम्हाला काय करायची मुभा आहे हे ठरवणे. मुभा ठरते ती तुमच्या नात्यावरून. तुम्ही काल किती चांगले काम केले यावरून नव्हे. पण संगणकाचा दाखला इथे लंगडा आहे, कारण संगणकाला तुमच्या येण्याचा आनंद होत नाही. त्यापेक्षा आपल्याकडचा शब्द बरा: माहेरवाशीण. लेक माहेरी येते तेव्हा "येऊ का?" विचारत नाही. चप्पल काढते, सरळ स्वयंपाकघरात जाते, डबे उघडून बघते. हा तिचा अहंकार आहे असे आजवर कुणी म्हटल्याचे मी ऐकले नाही. वारकरी संत पंढरीला माहेर म्हणत आले ते याच अनुभवातून असणार. (सगळ्यांचेच माहेर असे नसते, हेही खरे. ज्यांच्या घराचे दार बापानेच बंद केले त्यांना देवाला 'बाप' म्हणणे जड जाते, आणि त्यांना मोठ्या आवाजात 'बाप, बाप' ऐकवून ते हलके होत नाही.)

पौल 'दत्तक' हा शब्द वापरतो. रोमन कायद्यात दत्तक मूल हे दुय्यम मूल नव्हते. त्याला नाव, वारसा सगळे पूर्ण मिळे. इ.स. ४ मध्ये ऑगस्टसने तिबेरियसला दत्तक घेतले आणि पुढे तोच सम्राट झाला. मला हे कळले ते विमानतळावरच्या रांगेत. कागद सगळे व्यवस्थित असूनही कितीतरी वर्षे मी त्या खिडकीपाशी हातात जाड फाईल घेऊन, घसा कोरडा पडलेला, असा उभा राहत असे. माझी इथे जन्मलेली मुलगी जांभया देत पासपोर्ट पुढे करायची. तिने काहीही कमावलेले नव्हते. आणि तिची बेफिकिरी उद्धट नव्हती, नुसती घरी परतणाऱ्याची होती.

हे असे मांडले की सोपे वाटते. मनात उतरायला मात्र ते अवघड आहे आणि ख्रिस्ती इतिहासातली मोठमोठी माणसे इथेच अडखळली आहेत. मार्टिन ल्यूथर १५०५ मध्ये मठात गेला. तो तासन्‌तास पापकबुली देत बसे आणि बाहेर पडल्यावर काहीतरी राहून गेले म्हणून परत येई. पण मला त्याच्यापेक्षा जवळचा वाटतो तो जॉन वेस्ली, कदाचित त्याची गोष्ट बोटीवर सुरू होते म्हणून.

वेस्ली ऑक्सफर्डचा विद्वान आणि दीक्षित पाळक. १७३५ मध्ये तो अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीत धर्मकार्य करायला निघाला. जानेवारी १७३६ मध्ये भर अटलांटिकवर वादळ झाले. लाट डेकवर कोसळली, मुख्य शीड फाटले, इंग्रज उतारू किंकाळ्या फोडू लागले. बोटीवर जर्मनीहून निघालेली काही मोरेवियन कुटुंबे होती. त्यांची उपासना चालू होती. ती त्यांनी थांबवली नाही, गात राहिली. नंतर वेस्लीने त्यांच्यातल्या एकाला विचारले, भीती नाही वाटली? नाही म्हणाला. बायकामुलांना? त्यांनाही मरणाची भीती नाही, म्हणाला. वेस्लीने हे रोजनिशीत नोंदले. जॉर्जियात उतरल्यावर स्पांगेनबर्ग या मोरेवियन पुढाऱ्याने त्याला विचारले की तू येशूला ओळखतोस का? वेस्ली म्हणाला, तो जगाचा तारणारा आहे हे ठाऊक आहे. ते खरेच, पण त्याने तुला तारले आहे हे ठाऊक आहे का? वेस्लीने काहीतरी उत्तर दिले, आणि ते पोकळ शब्द होते अशी भीती रोजनिशीत लिहून ठेवली.

जॉर्जियातले काम फसले. फेब्रुवारी १७३८ मध्ये तो इंग्लंडला परतला. २४ मे १७३८च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका छोट्या बैठकीला तो फारशी इच्छा नसताना गेला. तिथे कुणीतरी ल्यूथरची रोमकरांस पत्राची प्रस्तावना वाचत होते. पावणेनऊच्या सुमारास ते ऐकताना आपल्या हृदयाला ऊब जाणवली, आणि माझी, अगदी माझीही पापे त्याने घेतली अशी खात्री आपल्याला दिली गेली, असे त्याने लिहिले आहे. मेथॉडिस्ट लोक तो दिवस आजही पाळतात.

प्रवचनांत गोष्ट इथे संपते. पण पुढची पाने मला जास्त मोलाची वाटतात. आठ महिनेही झाले नव्हते, जानेवारी १७३९ मध्ये हाच वेस्ली रोजनिशीत लिहितो की मी ख्रिस्ती नाही! ऊब येते आणि जाते. पुढे वय वाढल्यावर त्याने जुन्या रोजनिशीला टीप जोडली: त्या आधीच्या काळातही माझ्याकडे श्रद्धा होती, पण ती चाकराची होती, पुत्राची नव्हती. आणि १७६८च्या एका पत्रात त्याने स्पष्ट केले की देवाने आपल्याला स्वीकारले आहे ही जाणीव तारणासाठी अत्यावश्यक आहे, असे मी कित्येक वर्षांत मानलेले नाही. म्हणजे स्वीकार वेगळा आणि स्वीकाराची जाणीव वेगळी. माणूस घरात असू शकतो आणि आपण घरात आहोत हे त्याला कळलेले नसू शकते. ज्याने ही खात्री अर्ध्या इंग्लंडला शिकवली, त्यानेच हा फरक करावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

सर्व ख्रिस्ती लोकांचे यावर एकमत आहे असे नाही. त्रेंत येथील कॅथॉलिक परिषदेने १५४७ मध्ये अशा पक्क्या खात्रीला पोकळ आत्मविश्वास म्हटले. आशा धरा, पण शेवटापर्यंत टिकण्याची निःसंशय खात्री विशेष प्रकटीकरणावाचून कुणाला असू शकत नाही, ही त्यांची भूमिका. शेजारच्या कॅथॉलिक बाईंना "मी नक्की स्वर्गात जाणार" हे वाक्य उद्धट वाटते ते यामुळे, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लुथरन आणि कॅथॉलिकांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. देवाकडून होणारा स्वीकार हा आपल्या गुणांमुळे नव्हे तर कृपेने, यावर दोघांचे एकमत झाले. मेथॉडिस्ट २००६ मध्ये त्यात आले. साडेचारशे वर्षांच्या भांडणाची बरीचशी धार तिथे गेली.

दुसरी बाजू दाखवायची तर विल्यम कूपर या इंग्रज कवीचे नाव घ्यावे लागते. जॉन न्यूटन या (एके काळी गुलामवाहू जहाजाचा कप्तान असलेल्या) पाळकाबरोबर त्याने रचलेल्या गीतांचा संग्रह १७७९ मध्ये निघाला. त्यांतली काही आजही जगभर गायली जातात. पण १७७३ मध्ये मानसिक आजाराच्या झटक्यात देवाने आपला कायमचा त्याग केला असे त्याला स्वप्नात ऐकू आले, आणि १८०० मध्ये मरेपर्यंत त्याची ती समजूत सुटली नाही. त्याच्या गीतांनी दुसऱ्यांना दार दाखवले आणि तो स्वतःला उंबऱ्याबाहेर समजत राहिला. न्यूटनने त्याला एक दिवसही बाहेरचा मानले नाही. आपल्या समाजात नैराश्याबद्दल बोलायची चोरी आहे, म्हणून मुद्दाम लिहितो: मनातली ऊब विझली हा श्रद्धेचा मोजमापी काटा नव्हे; कधी कधी तो निव्वळ आजार असतो आणि त्याला डॉक्टर लागतो.

मराठीत या प्रवासाचा सर्वांत प्रामाणिक वृत्तांत पंडिता रमाबाईंचा आहे. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की कलकत्त्याच्या पंडितांच्या सांगण्यावरून त्यांनी धर्मशास्त्रे अभ्यासली. ग्रंथांचे आपसांत इतर बाबतींत मतभेद, पण स्त्री आणि शूद्र यांना त्या देही मोक्ष नाही यावर एकमत, असे त्यांना आढळले. पुढे इंग्लंडमध्ये, पतित म्हटल्या गेलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या जोगिणींचे काम त्यांनी पाहिले, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मुलीसह बाप्तिस्मा घेतला. सर्वसामान्य चरित्रे इथे धर्मांतराचा अध्याय मिटतात. रमाबाई मिटत नाहीत. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, म्हणजे शारदा सदन सुरू होऊनही काही काळ गेल्यावर, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता असे ध्यानात आले, हे त्या निःसंकोचपणे लिहितात. एवढी संस्कृत-पंडिता, जिने सगळ्या जगाशी वाद घातला, तिला शेवटी वाद घालून आत जायचे नाही हे उमगायला आठ वर्षे लागली. बाहेर तिची संकटे काही कमी झाली नाहीत, उलट वाढलीच. पण त्यानंतरच्या तिच्या लिखाणात एक निवांतपणा आहे. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर ती १९२२ मध्ये मरेपर्यंत करत होती.

माझ्या वडिलांची एक गोष्ट इथे सांगतो. ते नगरला मराठी शाळेत मुख्याध्यापक होते. हिशेबी, शिस्तीचे, दर रविवारी वेळेच्या दहा मिनिटे आधी बाकावर हजर. २०१७ मध्ये त्यांचे मूत्रपिंडाचे दुखणे बळावले म्हणून मी इथून गेलो. एका रात्री मी आणि आत्या त्यांच्या खाटेपाशी बसलो होतो. त्यांनी एकदम विचारले, "मला आत घेतील ना रे?" मला वाटले, औषधाच्या गुंगीत आहेत. पण ते पुरते जागे होते. मी इब्रीपत्राचा दहावा अध्याय सांगू लागलो. त्यांनी मान फिरवली. तो अध्याय त्यांनी मला पाठ करून घेतला होता.

आत्या निवृत्त नर्स, बोलायला फटकळ. ती म्हणाली, "दादा, हे गेले तेव्हा मी दोन पोरं घेऊन रात्री तुझ्या दारात आले. तू काय विचारलंस मला?"

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जेवलीस का, म्हणालो."

"हां," आत्या म्हणाली, आणि त्यांच्या ओठांना पाणी लावू लागली. पुढे नऊ दिवसांनी ते गेले. तो प्रश्न त्यांनी परत विचारला नाही.

देव आत घेतो, पण त्याच्या नावाने बांधलेल्या इमारती नेहमीच घेतात असे नाही. हे लिहिल्याशिवाय लेख अप्रामाणिक होईल. फिलाडेल्फिया म्हटले की आपल्याला १८८६ मध्ये डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी आठवतात, आणि त्या समारंभाला हजर असलेल्या रमाबाई. त्याच शहरात सुमारे शंभर वर्षे आधी, १७८७ च्या आसपास (काही इतिहासकार १७९२ म्हणतात), एका मेथॉडिस्ट चर्चमध्ये ॲब्सलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन हे कृष्णवर्णीय गृहस्थ प्रार्थनेला गुडघे टेकून बसले होते. ही जागा तुमची नाही म्हणून विश्वस्तांनी जोन्सला प्रार्थना चालू असतानाच ओढून उठवायला सुरुवात केली. प्रार्थना संपू द्या, म्हणाला. तेवढेही थांबले नाहीत. प्रार्थना संपली तेव्हा सगळे कृष्णवर्णीय एकदम उठून बाहेर पडले. ॲलनने स्थापलेले मदर बेथेल चर्च आजही सहाव्या रस्त्यावर उभे आहे. आम्ही कुटुंबासह जाऊन आलो. मला विचार करायला लावणारी गोष्ट ही की त्यांनी देवाला सोडले नाही. इमारतीतून बाहेर काढले म्हणजे देवाच्या समोरून काढले असा अर्थ त्यांनी घेतला नाही. पारेसिया म्हणतात ती ही असावी. आपल्याकडेही काही वेगळे नव्हते. दक्षिणेतल्या चर्चमध्ये जातवार वेगळी बसायची जागा असे. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी ती बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा अनेक जण चर्च सोडून गेले पण शेजारी बसायला तयार झाले नाहीत. लग्नाच्या वेळी "आधीचे कोण?" ही चौकशी आमच्या समाजात अजून ऐकू येते. पडदा फाटला तरी तो शिवायला बसणारे हात पुष्कळ.

नारायण वामन टिळकांना हे चांगलेच ठाऊक होते. कोकणातल्या ब्राह्मण घरात जन्मलेला हा कवी १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला. मिशनच्या चाकरीत वीसएक वर्षे काढल्यावर १९१७ मध्ये त्यांनी ती सोडली आणि साताऱ्याला एक नवेच काहीतरी मांडले. नाव ठेवले 'देवाचा दरबार'. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती; येशूवर प्रेम असले की पुरे. मिशनच्या मंडळींना ते कितपत रुचले असेल याची कल्पना करता येते. आणि 'दरबार' हा शब्द पाहा. दरबारात खालच्या माणसाने मान खाली घालून, मागच्या पावली सरकायचे असते. टिळकांनी तोच शब्द घेतला आणि त्यात सगळ्यांना शेजारी शेजारी बसवले.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि दरबार मागे टिकला नाही. लक्ष्मीबाईंनी त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' पुढे नेले, 'स्मृतिचित्रे' लिहिली. टिळकांची पदे 'उपासना संगीता'त राहिली. आमच्याकडे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आठ-दहा मराठी कुटुंबे कुणाच्या तरी तळघरात जमतात. एक पेटी, एक तबला, मुलांसाठी पिझ्झा. त्यांतली दोन कुटुंबे ख्रिस्ती नाहीत. चाली आवडतात म्हणून येतात, आणि पेटी त्यांच्यापैकीच एकजण वाजवतात.